आधी दात कुठे ते ठरवा, मग स्क्रू कुठे

वाचकाचे पत्र:

आदरणीय डॉक्टर, मी नागपूरच्या नंदनवन भागात राहणारा 68 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझे खालचे सगळे दात गेले आणि पाठोपाठ वरचेही. आतापर्यंत तीन वेळा कवळी करून झाली. वरची ठीक बसते, पण खालची बोलताना उचलली जाते आणि भजनात तोंड मोठे उघडले की ती जिभेने दाबून धरावी लागते. एका दवाखान्यात सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करून खालच्या जबड्यात चार इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) आणि त्यांवर पक्के दात असा आराखडा संगणकावर दाखवण्यात आला. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र "घाई करू नका, आधी जीभ, गाल आणि ओठ यांचा तोल माप घेण्याच्या मऊ मसाल्यात टिपून घेऊ, मग संगणकावर बसू," असे सांगितले. पुण्यात असलेला माझा मुलगा म्हणतो की संगणक मिलिमीटरपर्यंत सांगत असताना तोंडात मसाला भरून आकडे म्हणायला लावणे हा जुना प्रकार आहे आणि त्याने फक्त बिल वाढेल. मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. तीस वर्षे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला, सात वर्षांपूर्वी सोडला. तोंड पूर्वीइतके उघडत नाही. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर:

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम योग्य आहे, हे आधीच स्पष्ट करते. आपल्या चिरंजीवांचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही, कारण "डिजिटल" हा शब्द आज दवाखान्याच्या पाटीपासून पावतीपर्यंत सगळीकडे मिरवला जातो आणि त्याबद्दल शंका घेणारा माणूस घरात असलेला बरा. त्यांची चूक एवढीच आहे की मसाला आणि संगणक यांना ते एकमेकांचे पर्याय समजत आहेत. आपल्यासारख्या तोंडात मसाल्याने टिपलेली माहिती संगणकाला मिळाली नाही, तर संगणक इम्प्लांट अतिशय अचूकपणे चुकीच्या जागी नेऊन ठेवू शकतो.

हा तोल म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने लिहिते. जीभ दातांना आतून बाहेर ढकलत असते, तर गालाचा स्नायू आणि ओठांभोवतीचा गोल स्नायू त्यांना बाहेरून आत ढकलत असतात. आपण दिवसातून शेकडो वेळा गिळतो, बोलतो, हसतो आणि प्रत्येक वेळी हे दोन रेटे एकमेकांवर येतात. लहानपणी दात उगवतात तेव्हा ते या दोन रेट्यांच्या मधल्या जागेत येऊन स्थिरावतात. दात गेले तरी ती जागा पुसली जात नाही. जिथे आतला आणि बाहेरचा दाब एकमेकांना फेडतो, त्या पट्ट्याला आमच्या शास्त्रात न्यूट्रल झोन म्हणतात, आपण त्याला तोलाचा पट्टा म्हणू. इंग्लंडमधील विल्फ्रेड फिश यांनी 1930 च्या दशकातच हे मांडले होते की कवळीची हिरडीवर टेकणारी बाजू आणि चावणारी बाजू जितकी महत्त्वाची, तितकीच गालाला आणि जिभेला लागणारी तिची गुळगुळीत बाजूही महत्त्वाची असते. त्या बाजूचा आकार स्नायूंना जुळला तर तेच स्नायू कवळीला धरून ठेवतात आणि जुळला नाही तर तेच तिला उचलून टाकतात. आपली खालची कवळी भजनात उचलली जाते त्याचे एक मोठे कारण बहुधा हेच असावे.

दुसरे कारण हाडाचे आहे. दात काढल्यावर जबड्याची कड झिजू लागते आणि खालच्या जबड्यात ही झीज फार होते. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस वर्षांचा काळ व्यापणाऱ्या टॅलग्रेन यांच्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट आढळली होती. वरची कवळी टाळूवर पसरून चिकटून बसते, खालचीला मात्र घोड्याच्या नालेसारखी अरुंद जागा मिळते आणि तिच्या मधोमध अखंड हलणारी जीभ असते. शिवाय हाड सगळ्या बाजूंनी सारखे झिजत नाही. वरची कमान आत आक्रसते, खालची मागच्या बाजूला रुंदावल्यासारखी होते आणि उरलेली कड पूर्वीच्या दातांच्या बरोबर खाली राहत नाही. मोकळी जागा मिळाल्यामुळे जीभही पसरते. त्यामुळे पंधरा वर्षांनंतर उरलेल्या कडेकडे पाहून "दात इथेच होते" असे म्हणणे म्हणजे पडक्या वाड्याचे जोते पाहून त्यावरची माडी सांगण्यासारखे आहे.

आता स्कॅनकडे येऊ. सीबीसीटीत हाडाची उंची, रुंदी, खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेचा मार्ग आणि ती नस हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जिथून बाहेर पडते ती छिद्रे, हे सारे उत्तम दिसते आणि त्याशिवाय आज इम्प्लांटचा आराखडा करणे मला पटत नाही. पण त्यात मऊ भाग धूसर दिसतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्कॅन घेताना आम्ही रुग्णाला हनुवटी टेकवून "अजिबात हलू नका" असे सांगतो. स्नायूंचा पत्ता तर ते हलल्यावरच लागतो. पहिल्या दवाखान्याने आपल्याला दाखवलेल्या चित्रातले दात बहुधा संगणकाच्या साठ्यातून घेऊन हाडाच्या कडेवर मांडलेले असावेत. ते दिसायला सुबक असतात, पण ते आपल्या जिभेला विचारून मांडलेले नसतात.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजींच्या खालच्या जबड्यात मी हाड जिथे चांगले मिळाले तिथे इम्प्लांट बसवले. एक्स-रे इतका देखणा होता की मी तो सहकाऱ्यांना दाखवत फिरले. दात करायची वेळ आली तेव्हा कळले की दोन्ही बाजूंचे स्क्रू जिभेच्या अंगाला आले आहेत. त्यांवर बसणारे दात जिभेची जागा खात होते. आजी तक्रार करणाऱ्या नव्हत्या, पण त्यांचा "स" बोबडा झाला, जीभ दाताखाली येऊ लागली आणि जेवल्यावर गालाच्या पोकळीत घास साचू लागला. हाडात पक्का झालेला इम्प्लांट सरकवता येत नाही. इम्प्लांट आणि दात यांना सांधणारे वाकडे जोड वापरून मी जमेल तितके सुधारले, परंतु ज्या गोष्टीला सुरुवातीला एक जास्तीची बैठक पुरली असती, तिला नंतर सहा महिने लागले. तेव्हापासून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे.

तोल टिपण्याची पद्धत सोपी आहे आणि ती दुखत नाही. खालच्या जबड्यावर बसणारी एक पातळ पाटी करतात आणि तिच्यावर, जिथे दात यायचे तिथे, कोमट पाण्यात मऊ होणाऱ्या किंवा हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या मसाल्याची कड लावतात. वरची कवळी किंवा तिची मेणाची प्रतिकृती जागेवर असते, म्हणजे उंची बदलत नाही. मग आपल्याला घोट घोट कोमट पाणी प्यायला, गिळायला, ओठांचा चंबू करायला, हसायला, जीभ ओठांवरून फिरवायला आणि बोलायला सांगतात. जीभ मसाल्याला आतून दाबते, गाल आणि ओठ बाहेरून दाबतात आणि मसाला घट्ट होईपर्यंत तो या दोघांच्या मधल्या पट्ट्याचा आकार घेतो.

बोलण्यासाठी काय निवडावे याबद्दल माझा थोडा आग्रह असतो. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट असे आकडे "स" आणि "ष्ट" साठी चांगले. "चहा" आणि "चमचा" यांतले दोन वेगळे "च" जिभेला वेगवेगळ्या जागी नेतात. "ळ" उच्चारताना जिभेचे टोक वर मागे वळते, म्हणून "बाळ, काळ, केळ, पोळी" हे शब्द मी म्हणून घेतेच. "ओ" आणि "ऊ" म्हणताना ओठ गोल होऊन पुढे येतात. आपल्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये. आपली अडचण भजनात येते, तर मसाला तोंडात असताना आपण नेहमी म्हणता त्या भजनाच्या दोन ओळी, लांब "आ"सह, म्हणून दाखवाव्यात आणि डॉक्टरांना तसे आधीच सांगून ठेवावे. कुठल्याही डॉक्टरांना यात वावगे वाटू नये. तोंड नेहमी जसे चालते तसे चालू देणे, हेच या कामाचे मर्म आहे.

यानंतर जे होते ते आपल्या चिरंजीवांना आवडेल. टिपलेल्या पट्ट्याचा साचा घेऊन त्याच्या आत दात मांडतात आणि ती चाचणीची कवळी तोंडात घालून पाहतात, किंवा मसाल्याची कड थेट स्कॅन करून संगणकावरच त्या मर्यादेत दात मांडतात. खालच्या दंतहीन हिरडीवर तोंडात कॅमेरा फिरवून चांगले माप मिळणे अवघड असते, कारण तिथे लाळ, जीभ आणि हलणारी कातडी असते. म्हणून अशा ठिकाणी बाहेर काढलेली वस्तू स्कॅन करणे मला जास्त भरवशाचे वाटते. मग त्या चाचणीच्या कवळीला एक्स-रेमध्ये चमकणारे छोटे ठिपके लावून दोन स्कॅन घेतात, एक ती घालून आणि दुसरा नुसत्या कवळीचा. ठिपके एकमेकांवर जुळवले की पडद्यावर हाड, नस आणि त्यांवर पारदर्शक दात एकत्र दिसतात. आता इम्प्लांट कुठे घालायचा हा प्रश्न योग्य रीतीने विचारता येतो: हाड पुरेसे आहे आणि तो वर येईल तिथे कवळीच्या पोटात, तोलाच्या पट्ट्याच्या आत येईल, अशी जागा कोणती? नसेपासून किमान 2 मिलिमीटर अंतर ठेवण्याचा संकेत आहे. खालच्या जबड्यात बहुधा त्या दोन छिद्रांच्या मधला पुढचा भाग निवडतात, कारण तिथे हाड सर्वांत जास्त टिकते आणि मुख्य नस तिथवर येत नाही. शेवटी त्या आराखड्यावरून थ्रीडी प्रिंटरवर मार्गदर्शक पट्टी छापतात आणि तिच्या भोकांतून ड्रिल ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या खोलीपर्यंत जाते.

मिलिमीटरबद्दल मात्र एक गोष्ट त्यांना जरूर सांगावी. पडद्यावर दिसणारा आकडा आणि तोंडात उतरलेला इम्प्लांट यांत फरक राहतो. अशा पट्टीने केलेल्या शस्त्रक्रियांच्या एकत्रित अभ्यासांत हा फरक सरासरी एक मिलिमीटरहून थोडा जास्त आणि कोनात तीन-चार अंश इतका आढळतो. आपल्याला दात नसल्यामुळे पट्टी मऊ हिरडीवर टेकेल आणि ती जरा सरकली तर सगळे सरकेल, म्हणून तिला बारीक खिळ्यांनी हाडाशी बांधून घेतात. नसेपासून 2 मिलिमीटर सोडण्याचे कारणही हेच आहे. संगणकाची मदत मोठी आहे, पण तो चुकत नाही या समजुतीवर शस्त्रक्रिया करू नये.

आता चार इम्प्लांटवर पक्के दात की दुसरे काही, याबद्दल. आपल्याला न पाहता मी अंतिम निर्णय देऊ शकत नाही, पण माझा कल दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिच-बटणासारखी बसणारी, काढता-घालता येणारी खालची कवळी याकडे आहे. 2002 साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दंतहीन खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले होते. माझी कारणे आणखी तीन आहेत. पक्क्या दातांना इम्प्लांटपासून फार दूर उभे करता येत नाही, त्यामुळे हाड एकीकडे आणि तोलाचा पट्टा दुसरीकडे असेल तर कोणाला तरी माघार घ्यावी लागते. कवळीची गुळगुळीत बाजू मात्र स्नायूंप्रमाणे घडवता येते. खालचे दात पक्के आणि जोरकस झाले की त्यांच्या माऱ्याने आज ठीक बसणारी वरची कवळी हलू लागण्याचा धोका असतो. आणि तोंड कमी उघडत असताना पक्क्या दातांच्या खालची सफाई दररोज करणे हे बोलायला सोपे, करायला कठीण आहे. काढता येणारी कवळी नळाखाली धरता येते. तिच्या बटणातील नायलॉनचे तुकडे झिजतात आणि अधूनमधून बदलावे लागतात, हा खर्च धरून ठेवावा.

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेल्या दोन वाक्यांनी मला सर्वांत जास्त थांबवले. तीस वर्षे खर्रा आणि आता तोंड कमी उघडणे, हे एकत्र आले की नागपुरात दंतवैद्याने आधी गालाला आतून बोट लावून पाहिले पाहिजे. खर्ऱ्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू जमतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि बोटाला दोऱ्या लागतात. खर्रा सोडल्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन, कारण आपल्या शहरात चौकाचौकात प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटला जाणारा तो पदार्थ सोडणे किती अवघड आहे हे मी रोज पाहते. पण सोडल्यावर हा ताठरपणा आपोआप जात नाही, आणि या आजारात पुढे कर्करोग होण्याची शक्यता असते, म्हणून त्याची तपासणी इम्प्लांटच्याही आधी यायला हवी. न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर एक दिवसही थांबू नये.

हा आजार निघाला तर इम्प्लांटच्या आराखड्यावर त्याचा थेट परिणाम होतो. ताठ गाल लवचीक गालापेक्षा वेगळा रेटा देतो, गालाची पोकळी उथळ होते आणि तोलाचा पट्टा आत सरकतो. तयार चित्रातले दात अशा तोंडात सर्वांत जास्त चुकतात. शिवाय तोंड उघडण्याचे व्यायाम किंवा औषधोपचार चालू असतील तर गाल बदलत असतो, म्हणून मसाल्याचे माप उपचार स्थिरावल्यावर घ्यावे. मार्गदर्शक पट्टीतून चालणारे ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा लांब असतात आणि दाढांच्या भागात ते आत न्यायला तोंड बरेच उघडावे लागते. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक ठेवून तोंडात जातात का, हे आज आरशासमोर पाहावे. दोनच जात असतील तर मागच्या भागातला आराखडा पडद्यावर कितीही चांगला दिसला तरी प्रत्यक्षात अडकेल. पुढच्या भागातील दोन इम्प्लांटकडे माझा कल असण्याचे हेही एक कारण आहे.

मधुमेहाने इम्प्लांटचा रस्ता बंद होत नाही, तो आटोक्यात नसेल तर मात्र थांबावे. अलीकडची एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी) तपासणी सोबत न्यावी, ती सातच्या आसपास असेल तर उत्तम. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या अथवा इंजेक्शने चालू असतील तर ते न विचारता सांगावे आणि कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

खर्चाचे बोलायचे तर मसाल्याच्या मापासाठी साधारण एक बैठक वाढते आणि त्याचे साहित्य महाग नसते. बिल वाढते ते इम्प्लांटच्या संख्येने आणि पक्क्या दातांनी. चिरंजीवांना हिशेबाची आवड दिसते, म्हणून दोन्ही दवाखान्यांकडून स्कॅन, माप, मार्गदर्शक पट्टी, इम्प्लांट, जोड आणि कवळी यांचे वेगवेगळे आकडे लेखी मागून घेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. पहिल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: आराखड्यातले दात कशावरून मांडले? माझ्या तोंडात चाचणी घेतलेल्या दातांवरून, असे उत्तर आले तर त्यांच्याकडेही काम करायला हरकत नाही. गालाच्या तपासणीसाठी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातील शासकीय दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात जावे आणि तिथेच कृत्रिम दंत विभागाचे मतही घ्यावे. आपल्या घरापासून ते दूर नाही. सकाळी लवकर गेलेले बरे, रांग असते.

एखाद्या तोंडात हे सगळे करण्याची गरज नसते, हेही लिहून ठेवते, म्हणजे हे उत्तर वाचून कुणी एका दाढेच्या इम्प्लांटसाठी मसाल्याचा हट्ट धरू नये. शेजारचे दात जागेवर असतील तर दाताची जागा तेच सांगतात. हा खटाटोप सगळे दात गेलेल्या, हाड फार झिजलेल्या, जीभ पसरलेल्या किंवा गाल ताठ झालेल्या रुग्णांसाठी आहे.

मापाच्या आदल्या दिवसापासून खालची कवळी काढून ठेवावी, म्हणजे दबलेली हिरडी मूळ आकारात येते. एक दिवस मऊ खिचडीवर भागवावे लागेल. आणि आतापर्यंतच्या तिन्ही कवळ्या, तुटलेली असेल तर तीही, पिशवीत घालून सोबत न्याव्यात. जिभेच्या बाजूला कोणती कुठे घासली गेली आहे आणि कुठल्या दवाखान्यात तिची कड कापून कमी केली होती, हे पाहून डॉक्टरांना मसाला लावण्याआधीच पुष्कळ काही कळेल.